तीसपैकी तीस बाटल्या

१

सकाळी साडेदहाला साहेबांनी एक कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले की समजावं, प्रकरण अंगाशी आलंय.

कागद इस्पितळातला होता. जुन्या गल्लीत बारा नंबरच्या घरातली चार वर्षांची मुलगी. पोटदुखी, किरकिर, येत असलेले शब्दही हल्ली विसरते. रक्तात शिसं सापडलं होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आईनं घरच्या नळाचं पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलं, तर त्यातही शिसं, मर्यादेच्या चौपट.

"आणि आपला अहवाल काय म्हणतो?" साहेबांनी खिडकीलाच विचारलं.

गाळणीबाईंना अहवाल उघडायची गरज नव्हती. तो त्यांना तोंडपाठ होता. "त्याच गल्लीत चौदा नंबरला आपलं तपासणीचं ठिकाण आहे. बाराच्या भिंतीला लागून. दोन्ही घरांच्या नळ्या शिशाच्या, एकाच वर्षी टाकलेल्या. चौदा नंबरच्या बाटलीत आजवर एकदाही शिसं निघालेलं नाही."

गाळणीबाई हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. पाणीखात्यात बावीस वर्षं निरीक्षक, आणि नजरेतून कण सुटेल तर शपथ. तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणत, पाठीमागे गाळणीबाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तपासणीची रीत साधी होती. शहरात हजारो नळ, सगळे तपासणं कुणाला जमणार? म्हणून तीस घरं निवडायची, आणि तीही मुद्दाम वाईटातली वाईट: जिथे रस्त्यातून शिशाची नळी आत येते, जिथे तांब्याच्या नळ्यांचे जोड जुन्या शिशाच्या डाखाचे आहेत. तिथलं पाणी बरं निघालं तर बाकीच्या शहरानं निर्धास्त प्यावं. नळ निदान सहा तास बंद हवा, म्हणजे नळीतलं जे उतरायचं ते पाण्यात उतरतं. मग सकाळी उघडलेल्या नळाची पहिली बाटली घ्यायची. ही यादी एकोणीस वर्षांपूर्वी बाईंनीच केली होती, जुन्या नळांचा नकाशा पुढ्यात पसरून. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर त्याचं मानपत्र टांगलेलं होतं: 'तीसपैकी तीस बाटल्या'. त्यांच्या आधीच्या निरीक्षकाला कधी सतराच्या वर बाटल्या परत मिळाल्या नव्हत्या.

"कुणीतरी बाटल्यांशी खेळलंय," साहेब म्हणाले. "शुक्रवारपर्यंत मला माणूस हवा. आणि बाई, आणखी एक. यादीत एखादं घर बदललं की नोंद करायची ती निळी वही. काल मागवली. ती गहाळ आहे."

२

बारा नंबरच्या घरात शिवणयंत्र दारातच मांडलेलं होतं, उजेडासाठी. मुलीची आई शिवणकाम करायची. ती उठली नाही, पायानं यंत्र थांबवून नुसती बघत राहिली. कोपऱ्यात तिची सासू खाटेवर बसली होती. म्हातारीला आता फारसं दिसत नव्हतं. मुलगी जमिनीवर बटणं मांडत होती, एकाच रंगाची, आणि पाचव्या बटणाशी अडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

"तुम्ही पाणीखात्यातल्या ना?" आई म्हणाली. "दर वर्षी तुमचं पत्रक येतं. पाणी सुरक्षित आहे म्हणून. मी ते भिंतीला लावलं होतं."

"मुलगी पाणी कुठलं प्यायची?"

"पाणी कुठे पिते ती. दूध प्यायची. पावडरीचं. सकाळी उठल्या उठल्या लागतं तिला, नाहीतर घर डोक्यावर घेते. आमच्याकडे उठायला आठ-साडेआठ होतात, मी शिवत बसते ना उशिरापर्यंत. उठलं की पहिला नळ हिच्या दुधालाच उघडायचा." तिनं यंत्रावरचं कापड नीट केलं. "मी स्वतः कालवायचे."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. खरं तर त्यांना मान वर करवत नव्हती. चूक कुणाची ते अजून ठरायचं होतं, पण त्या पत्रकाखाली सही त्यांची होती आणि भिंतीवर, जिथे ते लावलेलं असणार, तिथे चिकटपट्टीचे चार डाग दिसत होते.

"सरकारी माणसांचं काही सांगू नका," म्हातारी खाटेवरून म्हणाली. "मागे एक बाई यायची. सूर्य उगवायच्या आत दार बडवत. तीन दिवस आली. मी म्हटलं, बये, नऊ वाजता ये, आमच्या घरात कुणी नळाला हात लावलेला नसतो तोवर, मग सावकाश घे काय घ्यायचं ते. तोंड वाकडं करून गेली ती गेलीच."

"शिरगणतीवाली असेल, आजी," बाई म्हणाल्या.

"असेल," म्हातारी म्हणाली. "घाईत होती फार."

बाई निघाल्या तशी शिवणवाली दारापर्यंत आली. "एकच सांगा मला. शेजारचं पाणी चांगलं आणि आमचं वाईट, असं होतं का हो?"

बाईंनी वही मिटली आणि चालू लागल्या. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत त्यांना मागे वळून बघायचाही धीर झाला नाही.

३

संशय घ्यायला माणसं तीन. साहेब, ज्यांना स्वच्छ अहवाल हवा असतो. प्रयोगशाळेतली केमिस्ट, जी आकडे लिहिते. आणि बाटलीमामा, जो आदल्या संध्याकाळी रिकाम्या बाटल्या वाटतो आणि सकाळी भरलेल्या गोळा करतो. साहेब एकटे आकडा बदलू शकत नव्हते, त्यांना नळ आणि बाटली यांतला फरकही कुणीतरी सांगावा लागे. उरले दोघं.

केमिस्ट जात्याच तापट. प्रश्न पुरता ऐकूनही न घेता तिनं सहा वर्षांचे तक्ते पुढ्यात आदळले.

"मी आकडे बनवते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी विचारतेय फक्त. किंवा मामांनी सगळ्या बाटल्या एकाच नळावर भरल्या असतील, तर?"

"तर तांबं सारखं आलं असतं." तिनं बोट ठेवलं. "शिसं सगळीकडे जवळजवळ शून्य, मान्य. पण तांबं बघा. या घरात इतकं, त्या घरात तितकं, आणि दर वर्षी त्याच घरात साधारण तेवढंच. तीस बाटल्या तीस वेगळ्या नळांच्याच आहेत. मामांना उगाच लटकवू नका."

"पाणी सहा तास थांबलेलं होतं का, हे कशावरून?"

"फॉर्मवरून. आणि फॉर्मवर ते छापूनच येतं. 'नळ बंद: सहा तासांहून अधिक'. खाली घरमालकाची सही. मला कोण विचारतंय."

बाईंना अंधूक आठवलं. पूर्वी तिथे रिकामी जागा असायची, लोक ती भरत नसत, फॉर्म बाद व्हायचे. म्हणून कुणीतरी ते वाक्य छापून घेतलं होतं. कुणीतरी म्हणजे कोण, हे आठवायच्या आत त्यांनी फाईल मिटली.

मामा गाडी धूत होते. त्यांच्या कानावर बातमी गेली होती. हातातला पाइप त्यांनी बंद केला पण खाली ठेवला नाही.

"माझ्यावर येणार ना हे, बाई? मी कंत्राटावरचा. साहेब आज सकाळी माझ्याशी फार गोड बोलले, तेव्हाच समजलो."

"मामा, बाटल्या गोळा करताना कधी काही वेगळं?"

"काही नाही. उलट इतकं सुरळीत काम दुसरं नसेल. पंधरा वर्षं झाली, पहाटे पाचला निघतो, सव्वासातला शेवटची बाटली गाडीत. एकही दार दोनदा ठोठावायला लागलं नाही मला. ज्यानं ती यादी केली त्याला मनातल्या मनात नमस्कार करतो मी दर खेपेला."

यादी करणारी समोरच उभी होती. बाईंना बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच नंतर त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटणार होती.

वर आल्या तेव्हा साहेबांच्या टायपिस्टच्या टेबलावर एक पत्र अर्धवट होतं. मामांचं नाव होतं त्यावर, आणि 'सेवा समाप्त' एवढे शब्द टाइप करून झाले होते.

४

दुसऱ्या दिवशी बाटल्यांचा दिवस नव्हता, तरी बाईंनी मामांना सांगितलं, "त्याच वाटेनं, त्याच वेळी मला फिरवा."

पाच वाजता शहर झोपलेलं होतं. मामांची तीस घरं सोडून.

पहिल्या घरी दूधवाला कॅन विसळत होता. दुसऱ्या घरात वर्तमानपत्रं वाटणारे नवरा-बायको अंघोळी उरकून चहा पीत होते. तिसरीकडे बसचालक, चौथ्या घरी इस्पितळातली नर्स, पाचव्या घरी एक म्हातारे पैलवान ज्यांचा दिवस साडेतीनला सुरू व्हायचा. प्रत्येक दारात दिवा, प्रत्येक मोरी ओली. बाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत गेल्या: आज नळ पहिल्यांदा किती वाजता उघडलात? कुणी म्हणे चार, कुणी म्हणे साडेतीन.

"बाटलीच्या दिवशी सहा तास नळ बंद ठेवायचा असतो, माहितीये ना?" त्यांनी नर्सला विचारलं.

"असं असतं?" नर्स म्हणाली. "सही करायची असते एवढं माहितीये. बाटली मी निघता निघता भरून ठेवते."

चौदा नंबरला पोचल्या तेव्हा पाव भट्टीतून निघत होते. बेकरीवाला कोपरापर्यंत पिठानं माखलेला, तोंडभर हसला. "या बाई. बाटली कुठेय? तुमच्यासाठी कधीही."

"पीठ किती वाजता मळता?"

"दोनला. चार मोठ्या पराती. तेव्हापासून नळाला विसावा नाही बघा."

बाई भट्टीच्या ऊबेत उभ्या राहिल्या. कोडं सुटलं होतं. कुणी बाटली बदलली नव्हती, कुणी आकडा फिरवला नव्हता. ही तीसही घरं उजाडायच्या आत जागी होणारी होती. बाटली भरायच्या आधीच रात्रभर नळीत थांबलेलं पाणी पिठात, अंघोळीत, कॅनमध्ये निघून जायचं, आणि बाटलीत यायचं ते रस्त्यातून नुकतंच आलेलं ताजं पाणी. भिंतीपलीकडे बारा नंबरात मात्र नळी साडेआठपर्यंत थांबून असायची, आणि तिथला पहिला नळ दुधाला.

पण नकाशावरून निवडलेली मूळ घरं ही नव्हेत. काही बदलली होती हे बाईंना आठवत होतं, पाच-सहा असतील. ही तर जवळजवळ सगळीच. मग इतकी घरं बदलली कुणी?

"निळी वही मिळायला हवी," गाडीत बसताना त्या म्हणाल्या. "सगळ्यांची कपाटं धुंडाळली."

मामांनी गाडी सुरू केली, मग बंद केली. "बाई, राग मानू नका. मी लागलो तेव्हा ती वही तुमच्याच टेबलात असायची. तुमचं कपाट बघितलं का कुणी?"

५

नव्हतं बघितलं. गाळणीबाईंचं कपाट कोण तपासणार?

सर्वांत खालचा खण वर्षानुवर्षं अडकलेला होता. बाईंनी पट्टीनं तो सैल केला, पाय लावून ओढला. जुनी पत्रकं, सुकलेलं शाईपॅड, आणि तळाशी निळी वही. कुणी लपवली नव्हती. कामाची राहिली नाही म्हणून तिथे पडली होती.

त्यांनी पान उलटलं. पहिली नोंद: दार बंद, बदली घर अमुक. दुसरी: कुत्रे आहे. तिसरी: पुरुष माणूस झोपमोड झाली म्हणून ओरडला. मग: बाटली आठवत नाही, वेळेवर देत नाही, उशिरा उठतात. उशिरा उठतात. उशिरा उठतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'बदली घर: सहकार्य उत्तम'. पाच-सहा नव्हे, तीन वर्षांत बावीस. अक्षर एकच, गोल, टपोरं, प्रत्येक सहीखाली एक बारीक रेघ. उरलेली आठ घरं बदलावी लागली नव्हती, कारण ती पहिल्यापासूनच पहाटे उठणारी होती.

सतरावी नोंद जुन्या गल्लीची होती. 'बारा नंबर. वृद्ध स्त्री. तीन खेपा. नऊ वाजता या म्हणते. गैरसोयीचे. बदली: चौदा नंबर, बेकरी. त्याच गल्लीतले, नळी तीच. सहकार्य उत्तम.'

आणि मग सगळं आठवलं. अंगात स्वेटर, हातात बाटली, आठला प्रयोगशाळेत पोचायची घाई, दारात उभी असलेली ती खमकी बाई आणि तिचं ते वाक्य: कुणी नळाला हात लावलेला नसतो तोवर. अख्ख्या शहरात खरी बाटली द्यायला तयार झालेलं ते एकच घर होतं. बाईंनी तोंड वाकडं केलं होतं आणि शेजारी जाऊन गरम पाव घेतला होता.

त्या खुर्चीत बसल्या. त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं, एक आकडा खोटा लिहिला नव्हता. जिथे दार लवकर उघडतं, जिथे 'या बाई' म्हणतात, तिथे त्या जात राहिल्या, एवढंच. पण एवढ्याच्या बदल्यात मिळालेलं मानपत्र डोक्यामागे टांगलेलं होतं, आणि ते अंगावर पडलं असतं तर बरं असं त्यांना वाटलं.

वही गहाळ आहे असंच सगळे धरून चालले होते. मामांचं पत्र तयार होत होतं. निवृत्तीला अकरा महिने होते. खण आत ढकलला की तो परत अडकला असता.

बाईंनी पायानं खण हळूच आत सरकवून पाहिला. तो अर्ध्यावर थांबला. बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत बसल्या.

६

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत चौघं होते. साहेब, केमिस्ट, दाराजवळ उभे मामा, आणि बाई. साहेबांनी मामांचं पत्र पुढ्यात ओढून पेनचं टोपण काढलं.

"सही करायच्या आधी दोन मिनिटं," बाई म्हणाल्या. "माणूस सापडलाय."

त्यांनी एकेक करून सांगितलं. तांब्याचे आकडे वेगवेगळे, म्हणजे बाटल्या खऱ्या. शिसं कुठेच नाही, म्हणजे पाणी थांबलेलं नाही. एकही दार दोनदा ठोठावावं लागत नाही, म्हणजे सगळे आधीपासून जागे. फॉर्मवरचा 'सहा तास' छापील, म्हणजे कुणी विचारलेलंच नाही. "ज्यानं घरं निवडली त्यानं नळ्या बघितल्या नाहीत. आपलं काम सोपं करणारे लोक बघितले."

"म्हणजे हाच," साहेबांनी पेनानं मामांकडे दाखवलं. "याचंच काम सोपं झालं."

"मामा लागले त्याच्या आधीच यादी पक्की झाली होती." बाईंनी निळी वही टेबलावर ठेवली. "अक्षर ओळखता ना? फॉर्मवरचं ते वाक्यही मीच छापून घेतलं."

केमिस्टनं वही ओढली, एक पान वाचलं, आणि या वेळी न आदळता ती हळूच परत ठेवली. साहेबांनी टोपण परत लावलं. मग अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "बाई, वही सापडली नाही असंच राहू द्या की. अकरा महिने तर राहिलेत. आपण गुपचूप यादी सुधारू."

"गुपचूप सुधारायला दोन वर्षं लागतील. तोवर त्या वगळलेल्या बावीस घरांत सकाळचा पहिला नळ कुणाच्या दुधाला जातो ते तुम्हाला माहितीये? मला नाही. खरं पत्रक आजच काढायचं. सही माझीच होती, आताही माझीच राहील."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि मामांचं पत्र खणात टाकलं.

जिन्यात मामा पुढे होते. बाईंना वाटलं, ते काहीतरी बोलतील, निदान वळून बघतील. शेवटच्या पायरीवर ते थांबले.

"पंधरा वर्षं नमस्कार करत होतो, बाई," ते म्हणाले, आणि गाडीकडे गेले.

७

सोमवारी नऊ वाजता बाई बारा नंबरच्या दारात उभ्या राहिल्या. हातात रिकामी बाटली होती. नळ रात्रभर बंद ठेवा असा निरोप आधी दिलेला होता. पिण्याचं पाणी आता टँकरवर मिळत होतं. नवं पत्रक गल्लीत सगळीकडे पोचलेलं होतं. शिवणवालीनं ते भिंतीला लावलेलं नव्हतं. घडी करून यंत्राखाली ठेवलं होतं.

"कोण आहे?" म्हातारीनं विचारलं.

"पाणीखात्यातली, आजी."

"किती वाजले?"

"नऊ."

म्हातारीनं आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "त्या बाईलासुद्धा मी नऊच सांगितले होते."

"ती मीच होते," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी तीन दिवस मनात घोळवलं होतं, पुढे जोडायला चांगली आठ-दहा वाक्यं तयार होती. ती सगळी त्यांनी बाजूला ठेवली. "मी त्या दिवशी थांबले असते तर तेव्हाच सापडलं असतं. तुमची नात जन्मायच्याही आधी. मी थांबले नाही."

शिवणयंत्र थांबलं. मुलीची आई उठून उभी राहिली. ती ओरडेल म्हणून बाई वाट बघत होत्या, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बाईंच्या हातातली बाटली घेतली, मोरीत गेली, आणि नळाखाली धरून तोटी सोडली. पाणी स्वच्छ होतं. डोळ्यांना दिसेल असं त्यात काहीही नव्हतं.

नळाचा आवाज ऐकून मुलगी बटणं टाकून धावत आली. सकाळचा पहिला नळ तिच्या ओळखीचा होता. शब्द शोधायला तिला वेळ लागला, कपाळाला आठ्या पडल्या, मग सापडला.

"दूध," ती बाटलीकडे हात करून म्हणाली.

"नाही, बाळा," आईनं बूच घट्ट लावलं आणि बाटली बाईंच्या हातात दिली. "हे तुझं नाही. हे यांचं आहे."